कमरेला परवान्याचं पिस्तूल आणि मागे पोलिसांचे दिवे: अमेरिकेत गाडी थांबवल्यावर कायदा काय म्हणतो

१२ नोव्हेंबर २०१८ ची रात्र, कनेक्टिकट राज्यातलं वॉटरबरी शहर. फोनवरचा नकाशा अडकला म्हणून एका चालकाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती. पोलीस अधिकारी खिडकीशी आला आणि त्याने लायसन्स मागितलं. चालकाने लायसन्ससोबत पिस्तुलाचा परवानाही पुढे केला आणि पिस्तूल दरवाज्याच्या कप्प्यात असल्याचं स्वतःहून सांगितलं. न्यायालयापुढे आलेली पुढची हकीकत अशी: त्याला बाहेर ओढलं, बेड्या घातल्या, पोलिसांच्या गाडीत मागच्या सीटवर कोंबलं आणि त्याची गाडी डिकीसकट धुंडाळली. अर्ध्या तासाच्या आसपास हे चाललं. शेवटी निघालं काय, तर वाहतूक नियमभंगाची एक पावती.

ऐकणारा म्हणतो, ‘पोलिसांचं चुकलं’ किंवा ‘पिस्तूल आहे म्हटल्यावर पोलीस काय करणार?’ वकील मात्र असा एकगठ्ठा विचार करत नाही. तो या अर्ध्या तासाचे तुकडे पाडतो. गाडीपाशी येऊन चौकशी करणं, चालकाला खाली उतरवणं, पिस्तूल ताब्यात घेणं, बेड्या घालून डांबून ठेवणं, गाडी तपासणं. अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती (१७९१) अवाजवी झडती आणि अटकाव यांपासून संरक्षण देते, आणि त्यानुसार यातल्या प्रत्येक पायरीला तिचं स्वतःचं कारण लागतं. पहिल्या पायरीचं कारण दुसरीला उसनं चालत नाही. परवानाधारकाच्या बाबतीतला बहुतेक गोंधळ या पायऱ्या एकमेकींत मिसळल्याने होतो, म्हणून इथे त्या एकेक करून पाहू.

थांबवायचं कारण

आपल्याकडे नाकाबंदी लागली की येईल ती गाडी थांबते, लायसन्स-आरसी दाखवायची आणि पुढे जायचं. अमेरिकेत फिरत्या पोलिसाला असं करता येत नाही. डेलावेअर विरुद्ध प्राउज (१९७९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काहीही संशय नसताना, केवळ कागदपत्रं पाहावीत म्हणून मनाला येईल ती गाडी अडवणं घटनाबाह्य आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी लावलेल्या, सर्वांना सारखा नियम लावणाऱ्या नाक्यांना १९९० मध्ये परवानगी मिळाली. अमली पदार्थ शोधण्यासाठी लावलेल्या नाक्यांना मात्र २००० मध्ये नकार मिळाला.

कागदावर हा मोठा दिलासा दिसतो. प्रत्यक्षात व्हरेन (१९९६) खटल्याने त्याची धार बरीच बोथट केली. पोलिसाच्या मनात खरा हेतू कुठलाही असो, वाहतुकीचा एखादा नियम खरोखर मोडला गेला असेल तर थांबवणं कायदेशीर ठरतं. सिग्नल न देता लेन बदलली, नंबर प्लेटवरचा दिवा गेला, पट्टा लावला नव्हता, इतकं पुरतं. हाइन (२०१४) खटल्यात तर अधिकाऱ्याचा कायद्याबद्दलचा गैरसमजसुद्धा चालला. नॉर्थ कॅरोलायनात ब्रेकचा एक दिवा चालू असला तरी पुरे होता, अधिकाऱ्याला वाटलं दोन्ही हवेत. चूक समजण्याजोगी होती म्हणून थांबवणं वैध ठरलं.

परवान्याशी याचा संबंध असा. मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत पोलिसाने लायसन्स किंवा नोंदणी संगणकावर पाहिली की तुमच्याकडे शस्त्र परवाना असल्याची नोंद समोर येऊ शकते. म्हणजे तुम्ही तोंड उघडण्याआधीच त्याला ते ठाऊक असू शकतं. पण ती नोंद हे थांबवण्याचं कारण होऊ शकत नाही. परवाना म्हणजे सरकारने पार्श्वभूमी तपासून दिलेली संमती. तिच्यातून गुन्ह्याचा संशय निघत नाही.

नुसतं पिस्तूल दिसलं तर

टेरी विरुद्ध ओहायो (१९६८) खटल्यापासून पोलिसाला कुणालाही थोडा वेळ अडवायला ‘रीझनेबल सस्पिशन’, म्हणजे ठोस गोष्टींवर उभा असलेला संशय, पुरतो. अटकेला आणि गाडीच्या झडतीला त्याहून वरचा ‘प्रोबेबल कॉज’, म्हणजे गुन्हा घडल्याचं मानायला पुरेसं सबळ कारण, लागतो. मग जॅकेटखाली पिस्तुलाचा फुगवटा दिसला, तर तो संशय धरायचा का? देशभर चालेल असं एक उत्तर या प्रश्नाला अजून मिळालेलं नाही.

२००० साली मायामीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदुकीसाठी वेगळी सवलत द्यायला नकार दिला. बसथांब्यावर चौकटीचा शर्ट घातलेल्या मुलाकडे बंदूक आहे, असा निनावी फोन आला होता. तेवढ्यावर त्याला अडवून चाचपणं बेकायदा ठरलं. पुढचा निर्णय खालच्या न्यायालयांवर राहिला आणि ती दोन गटांत विभागली.

फरक कशाने पडतो ते पाहण्यासारखं आहे. काही राज्यांच्या कायद्यात ‘परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं’ हा गुन्हा आहे, म्हणजे परवाना नसणं हा गुन्ह्याचाच भाग. तिथे पोलिसाला परवाना नसल्याचा काहीतरी सुगावा हवा. दुसऱ्या काही राज्यांत ‘लपवून शस्त्र बाळगणं’ हाच मूळ गुन्हा असतो आणि परवाना हा आरोपीने मांडायचा बचाव असतो. तिथे न्यायालयं म्हणतात, आधी अडवा, बचाव नंतर ऐकू. २०१२ मध्ये अकराव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाचं काही राज्यांचं क्षेत्र) अपील न्यायालयाने फ्लोरिडाचा तेव्हाचा कायदा असाच वाचला. उलट २०१५ मध्ये सहाव्या सर्किटने ओहायोतल्या टोलीडो शहराविरुद्ध निकाल दिला. कुत्रा फिरवायला निघालेल्या एका माणसाच्या कमरेला उघडं पिस्तूल होतं, जे तिथे कायदेशीर होतं, आणि पोलिसांनी त्याला बेड्या घातल्या होत्या. कायदेशीर गोष्ट करणाऱ्यावर संशय कसला, असा न्यायालयाचा सवाल होता. २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच लपवलेल्या शस्त्राबद्दल म्हटलं. ॲलनटाउनच्या एका पेट्रोल पंपावर परवानाधारकाला अडवलं होतं. रस्त्यावरचा माणूस परवानाधारक आहे की नाही हे नुसतं पाहून कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच अडवता येणार नाही, असं त्या न्यायालयाने ठरवलं. जॉर्जियाने तर कायद्यातच लिहून ठेवलं आहे की केवळ परवाना आहे का हे तपासण्यासाठी शस्त्रधारकाला अडवता येणार नाही.

भारतातून आलेल्या माणसाला हा वाद चमत्कारिक वाटेल. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १९ शस्त्र बाळगणाऱ्या कुणाकडेही परवाना मागायचा अधिकार पोलिसाला सरळ देतं. अमेरिकेत मुळात ‘मागता येतो का’ इथूनच भांडण आहे. त्यात २०२४ पर्यंत २९ राज्यांनी परवान्याशिवायही लपवून शस्त्र बाळगायची मुभा दिली आहे. तिथे नुसतं पिस्तूल दिसण्यातून गुन्हा काढणं आणखी अवघड होतं.

गाडी थांबली, आता पुढे

इथून पारडं पोलिसाच्या बाजूला बरंच झुकतं. कायदेशीर कारणाने गाडी थांबवली असेल तर तो चालकाला खाली उतरायला सांगू शकतो, त्यासाठी वेगळं कारण द्यावं लागत नाही. हे १९७७ च्या मिम्स खटल्यापासून ठरलेलं आहे. गंमत म्हणजे तो खटला मुदत संपलेल्या नंबर प्लेटचा होता. माणूस खाली उतरला, जॅकेटखाली फुगवटा दिसला आणि भरलेलं रिव्हॉल्व्हर निघालं. १९९७ पासून प्रवाशांनाही उतरवता येतं. ‘मी का उतरू?’ असा वाद घालणारा चालक कायद्याने हरलेलाच असतो.

उतरवणं वेगळं आणि अंग चाचपणं वेगळं. त्यासाठी माणूस सशस्त्र आणि धोकादायक आहे असा सकारण संशय हवा. गाडीच्या आतल्या भागात शस्त्र शोधायलाही मिशिगन विरुद्ध लाँग (१९८३) खटल्याने हीच कसोटी घातली. परवानाधारकाचं सगळं प्रकरण त्या ‘आणि’पाशी येऊन थांबतं. तो सशस्त्र आहे हे त्याने स्वतःच सांगितलंय. धोकादायक आहे, हे कशावरून?

२०१७ मध्ये चौथ्या सर्किटच्या पूर्ण पीठाने याचं पोलिसांना सर्वांत सोयीचं उत्तर दिलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या रॅन्सन गावी, एका दुकानाच्या पार्किंगमध्ये कुणीतरी पिस्तूल भरून खिशात घातल्याचा निनावी फोन आला. पोलिसांनी सीट बेल्टच्या कारणावरून गाडी थांबवली. प्रवाशाला शस्त्र आहे का विचारलं तर तो उत्तर न देता विचित्र नजरेने पाहू लागला. शस्त्र बाळगणं त्या राज्यात कायदेशीर असू शकतं, हा मुद्दा बहुमताने बाजूला ठेवला. ज्याला सक्तीने थांबवलंय आणि ज्याच्याकडे शस्त्र आहे, तो पोलिसासाठी धोकादायक आहेच, असं बहुमताचं म्हणणं. मतभेद नोंदवणाऱ्या न्यायाधीशांनी विचारलं की राज्याने जो हक्क लोकांना दिला तो वापरल्याबद्दल त्यांचा दुसरा हक्क का जावा? आमच्या मते हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालाने घराबाहेर शस्त्र बाळगणं हा घटनात्मक हक्क ठरवल्यापासून तो अधिकच टोचू लागला आहे. पण मेरीलँड, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि दोन्ही कॅरोलायना या राज्यांत गाडी चालवणाऱ्याने चौथ्या सर्किटचा निकाल गृहीत धरूनच वागावं.

पिस्तूल तात्पुरतं काढून घेण्याबद्दल काही राज्यांत वेगळं कलम आहे. टेक्सासमध्ये परवानाधारकाच्या, स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या सुरक्षेसाठी गरज आहे असं अधिकाऱ्याला रास्तपणे वाटलं तर तो शस्त्र घेऊ शकतो. अटक झाली नसेल आणि धोका नसेल तर जागेवरून सोडताना ते परत द्यायचं, असंही त्याच कलमात आहे. परत देताना बहुतेक अधिकारी पिस्तूल रिकामं करून, मॅगझिन आणि गोळ्या वेगळ्या ठेवून, डिकीत ठेवतात. ते तसंच राहू द्यावं. पोलीस निघून जाईपर्यंत पुन्हा भरायच्या फंदात पडू नये.

पिस्तूल हाती आल्यावर काही अधिकारी त्याचा अनुक्रमांक चोरीच्या यादीशी ताडून पाहतात. इथे दोन खटले आड येतात. १९८७ च्या ॲरिझोना विरुद्ध हिक्स खटल्यात, दुसऱ्या कामासाठी घरात शिरलेल्या पोलिसाने अनुक्रमांक दिसावा म्हणून टर्नटेबल थोडंसं हलवलं, तर तेवढी हालचालही झडती ठरली. २०१५ च्या रोड्रिगेझ खटल्याने वेळेची मर्यादा घातली. गाडी ज्या कामासाठी थांबवली ते काम, म्हणजे लायसन्स, नोंदणी, विमा, वॉरंट पाहणं आणि पावती देणं, संपलं की अटकाव संपला. पावती दिल्यावर कुत्रा आणून वास घ्यायला लावलेली सात-आठ मिनिटंसुद्धा जास्तीची ठरली. इतर प्रश्न विचारायला बंदी नाही, पण त्यामुळे थांबा लांबता कामा नये. म्हणून पावती हातात आल्यावर शांतपणे विचारावं, ‘मी आता जाऊ शकतो का?’ उत्तर ‘हो’ असेल तर जावं. ‘नाही’ असेल तर अटकाव चालू असल्याचं रेकॉर्डवर आलं, पुढे वकिलाला ते लागतं.

गाडीची झडती

पावती फाडली म्हणून गाडी तपासता येत नाही, हे १९९८ च्या नोल्स खटल्यात ठरलं. अटक झाली तरी गाडी आपोआप खुली होत नाही. गँट (२००९) खटल्यानुसार अटक झालेला माणूस हात घालू शकेल इतक्या जवळ मोकळा असेल, किंवा ज्या गुन्ह्यासाठी पकडलं त्याचा पुरावा गाडीत असण्याची शक्यता असेल, तरच. प्रोबेबल कॉज असेल तर मात्र वॉरंटशिवाय झडती चालते, हा नियम १९२५ पासून, दारूबंदीच्या काळापासून आहे. गांजाचा वास हे त्याचं नेहमीचं उदाहरण. काही राज्यांनी गांजा खुला केल्यावर तिथे वासाचं वजन घटलं. पण बेकायदा अमली पदार्थ वापरणाऱ्याने शस्त्र बाळगणं हा केंद्रीय कायद्यात वेगळा गुन्हा आहे आणि राज्याने गांजाला परवानगी दिली तरी केंद्राने दिलेली नाही. पिस्तूल आणि गांजा एका गाडीत ठेवण्याइतका वाईट मेळ दुसरा नाही.

वॉटरबरीच्या खटल्याचा निकाल याच पायरीवर लागला. अधिकाऱ्याचा बचाव असा होता की परवाना खरा आहे याची खात्री होईपर्यंत चालकाला विनापरवाना समजायचा आपल्याला अधिकार होता. दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे फेटाळलं. सुरुवातीची चौकशी वैध होती. पण दिसायला ठीक असलेला परवाना समोर असताना, पिस्तूल आहे एवढ्यावरून बेड्या आणि डिकीपर्यंतची झडती याला प्रोबेबल कॉज म्हणताच येत नाही. तसं धरलं तर कायदेशीरपणे शस्त्र बाळगणाऱ्या कुणालाच चौथ्या दुरुस्तीचं संरक्षण उरणार नाही. हा निकाल न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट या तीन राज्यांना लागू आहे.

व्यवहारात बहुतेक झडत्या मात्र यातल्या कशामुळेही होत नाहीत. त्या होतात चालकाच्या होकाराने. ‘गाडी बघितली तर चालेल ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येतं, हे सांगायचं बंधन पोलिसावर नाही (१९७३, शनेक्लॉथ खटला). आपल्या लोकांची अडचण इथेच होते. अधिकाऱ्याला नाही म्हणणं उद्धट वाटतं, मग ‘शुअर, शुअर’ तोंडून जातं आणि वकिलाच्या हातातला सगळ्यात मोठा मुद्दा तिथेच संपतो. ‘ऑफिसर, आय डोन्ट कन्सेंट टू एनी सर्चेस’ हे एक वाक्य, आवाज न चढवता, पुरेसं असतं. त्यानंतरही त्याने झडती घेतली तर अडवायचं नाही.

सांगायचं की नाही

पिस्तूल असल्याचं आपणहून सांगणं बंधनकारक आहे का, हे राज्यागणिक बदलतं. मिशिगनमध्ये थांबवल्याबरोबर सांगावं लागतं. न सांगितल्यास पहिल्या वेळी ५०० डॉलर दंड आणि परवाना सहा महिने निलंबित. नॉर्थ कॅरोलायना, नेब्रास्का, लुइझियाना आणि अलास्काही याच गटात येतात. ओहायोत जून २०२२ पर्यंत आपणहून सांगावं लागे, आता विचारल्यावर. इलिनॉय आणि मिनेसोटातही विचारल्यावर. टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितलं तर परवानाही सोबत द्यायचा. सक्ती नसलेल्या राज्यात गप्प राहता येतं, पण थेट विचारल्यावर खोटं बोलणं हा वेगळाच गुन्हा होऊ शकतो.

कायदा एक सांगतो आणि शहाणपण दुसरंच, अशी ही जागा आहे. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात, सेंट पॉलजवळच्या फाल्कन हाइट्समध्ये फिलँडो कॅस्टिल या शाळेच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या परवानाधारकाची गाडी थांबवण्यात आली. त्याने नम्रपणे, न विचारता, शस्त्र असल्याचं सांगितलं. अधिकारी म्हणाला, मग त्याला हात लावू नको. पुढच्या काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात त्याचा जीव गेला. अधिकाऱ्यावर खटला चालला, जून २०१७ मध्ये तो निर्दोष सुटला. कॅस्टिल कृष्णवर्णीय होता आणि त्या रात्रीबद्दल बोलताना हे वगळता येणार नाही. व्यवहाराच्या दृष्टीने त्या काही सेकंदांत एक घातक गोष्ट घडली: कागदपत्रं काढायला सांगणं आणि पिस्तुलाला हात लावू नको असं सांगणं, या दोन सूचना एकमेकींवर आदळल्या.

म्हणून जाणकार प्रशिक्षक ज्या क्रमावर भर देतात तो याच धोक्याभोवती बेतलेला असतो. दिवे दिसले की सिग्नल देऊन उजवीकडे, उजेडाच्या जागी थांबावं. इंजिन बंद, आतला दिवा चालू, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. अधिकारी येण्याआधी काहीही शोधायला वाकू नये. मागून त्याला फक्त खांदा खाली गेलेला दिसतो. बोलताना आधी परवाना, मग जागा, मग प्रश्न: ‘ऑफिसर, माझ्याकडे कॅरी परमिट आहे, ते आत्ता जवळ आहे, उजव्या कमरेला. तुम्ही सांगाल तसं करतो.’ इंग्रजीत सांगताना ‘गन’ हा शब्द पहिला येऊ देऊ नये, कारण पोलिसांमध्ये तो शब्द सहकाऱ्याला ओरडून दिलेला इशारा असतो. अधिकाऱ्याने लायसन्स मागितलं आणि पाकीट पिस्तुलाच्याच बाजूच्या खिशात असेल तर हात हलवण्याआधी तसं सांगावं आणि त्याचा होकार येईपर्यंत थांबावं. खरं तर ही वेळच येऊ नये. पाकीट पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला ठेवावं, नोंदणी आणि विमा सन व्हायझरला लावावा. कागद आणि पिस्तूल एकाच ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवणं ही परवानाधारकांची सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात महागात पडू शकणारी सवय. आणि पिस्तूल काढून द्या असं सांगितलं तरी ‘तुम्हीच काढून घ्या’ अशी विनंती करावी, शक्यतो होल्स्टरसकट.

राज्याची हद्द ओलांडली की

ड्रायव्हिंग लायसन्स सगळ्या राज्यांत चालतं, शस्त्र परवाना चालत नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय ही राज्यं गाडीत भरलेलं पिस्तूल बाळगण्यासाठी दुसऱ्या राज्याचा परवाना सरसकट मानत नाहीत. इलिनॉयने परराज्यातल्या परवानाधारकाला गाडीतून जाताना थोडी सवलत दिली आहे, न्यू जर्सीने तीही नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक परवानाधारक महिला पूल ओलांडून न्यू जर्सीत आली. लेन बदलण्याच्या कारणावरून गाडी थांबवली गेली. तिने प्रामाणिकपणे परवाना आणि पिस्तुलाबद्दल सांगितलं आणि तिला अटक झाली. तिच्यासमोर किमान साडेतीन वर्षांची सक्तीची कैद होती. बरीच ओरड झाल्यावर खटला चालवण्याऐवजी तिला कैद टाळणाऱ्या पर्यायी कार्यक्रमात घेण्यात आलं आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. एडिसन, पार्सिपनी, प्लेन्सबरो या भागांत मराठी माणसांची दाट वस्ती आहे आणि पेनसिल्व्हेनियातून तिकडे येजा रोजची. पेनसिल्व्हेनियाचा परवाना डेलावेअर नदीच्या अलीकडेच संपतो, हे त्यांनी लक्षात ठेवायला हवं.

राज्यातून नुसतं पार जायचं असेल तर १९८६ चा केंद्रीय कायदा थोडं छत्र देतो. निघायच्या आणि पोचायच्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणं कायदेशीर हवं, पिस्तूल रिकामं हवं, आणि ते व गोळ्या प्रवाशांच्या हाताला लागतील अशा जागी नसाव्यात. डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत. ग्लव्ह बॉक्स आणि मधला कन्सोल चालत नाही. एसयूव्हीवाल्यांची गफलत इथेच होते. आणि हे छत्र ‘पार जाण्या’पुरतंच आहे. युटाच्या एका प्रवाशाचं नेवार्कला पुढचं विमान चुकलं, पिस्तूल असलेली बॅग त्याने हॉटेलवर नेली, सकाळी विमानतळावर नियमाप्रमाणे ते जाहीर केलं आणि पकडला गेला. २०१० मध्ये तिसऱ्या सर्किटने म्हटलं की रात्रभर पिस्तूल त्याच्या हाताशी होतं, म्हणून संरक्षण नाही.

शाळेपासून १,००० फुटांच्या आतला केंद्रीय नियमही असाच छुपा आहे. त्यातली परवान्याची सूट ज्या राज्यात शाळा आहे त्याच राज्याने दिलेल्या परवान्याला मिळते. दुसऱ्या राज्याचा परवाना तिथे चालत असला तरी या नियमाला चालत नाही.

घरातल्या गाडीचाही विचार करा. परवाना माणसाचा असतो, गाडीचा नसतो. नवऱ्याचं पिस्तूल कन्सोलमध्ये राहिलं आणि बायको मुलांना आणायला गाडी घेऊन गेली, तर न्यू जर्सीसारख्या राज्यात थांबवल्यावर विनापरवाना शस्त्र तिच्या ताब्यात आहे.

व्हिसावर असाल तर

एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ किंवा बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने शस्त्र किंवा गोळी ताब्यात ठेवायला मुळातच बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत. २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. राज्यात परवान्याशिवाय शस्त्राची मुभा आहे म्हणून आपल्यालाही आहे, हा समज धोक्याचा. ही बंदी ‘ताब्या’वर आहे, मालकीवर नाही, त्यामुळे भारतातून आलेल्या आई-बाबांना हौसेने शूटिंग रेंजवर नेऊन हातात पिस्तूल देणंही त्याच व्याख्येत येऊ शकतं.

ग्रीन कार्डधारकाला केंद्रीय कायद्याने शस्त्र बाळगता येतं. पण शस्त्रासंबंधी गुन्ह्यात दोषी ठरल्यास हद्दपारी होऊ शकते, गुन्हा किरकोळ असला तरी. २०१० च्या पडिया निकालानुसार गुन्हा कबूल करण्याआधी त्याचा स्थलांतरावर काय परिणाम होईल हे वकिलाने आरोपीला सांगणं त्याचं कर्तव्य आहे. ‘छोटी केस आहे, कबूल करून मोकळे व्हा’ असा सल्ला मिळाला तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये.

पोलिसांनी मर्यादा ओलांडली असेल तर

रस्त्याच्या कडेला कुणी घटनेचा खटला जिंकत नाही. तिथे फक्त स्पष्ट शब्दांत संमती नाकारायची आणि हात दिसत ठेवायचे. नंतर दोन वाटा असतात. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असेल तर बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा बाद करण्याचा अर्ज करता येतो. गुन्हाच नसेल तर बाद करायला काही नसतं. मग अधिकाऱ्यावर केंद्रीय नागरी हक्क कायद्याखाली भरपाईचा दावा. तिथे ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ आडवी येते: ज्या वेळी घटना घडली त्या वेळी तो हक्क न्यायालयाने पुरेसा स्पष्ट केलेला नव्हता, असं निघालं तर अधिकारी सुटतो. वॉटरबरीच्या चालकाला हे कवच फोडायला जवळपास सहा वर्षं लागली, आणि तेसुद्धा खटला पुढे चालावा एवढ्यापुरतंच.

अशा दाव्याची मुदत राज्याच्या नियमावर ठरते. टेक्सास, कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत दोन वर्षं, कनेक्टिकट आणि मिशिगनमध्ये तीन. बॉडी कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाची मागणी मात्र त्याच्या कितीतरी आधी, लेखी करायला हवी. न्यू जर्सीत ते जपून ठेवण्याची किमान सक्ती १८० दिवसांचीच आहे, आणि चित्रीकरणात दिसणारी व्यक्ती तिच्या प्रकरणापुरती ती मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवून मागू शकते.